मदत हवी आहे: फोटो २५० केबीवर आणले तरी पान अडकतं आणि कापडाची वीण दिसेनाशी होते

ताणाबाणा
कापडाच्या नमुन्यांची साइट आहे. सगळे फोटो कॉम्प्रेस करून प्रत्येकी २५० केबीच्या आत आणलेत, तरी मोबाइलवर यादीचं पान खाली सरकवताना अडकतं. त्यात फोटोही खराब झालेत. जिथे विणीचे धागे दिसायला हवेत तिथे नुसता सपाट रंग लिंपल्यासारखा दिसतो. लाल कापडं विटकरी दिसतात. काही उभे फोटो आडवे झालेत. बॅनरवरच्या लाल अक्षरांच्या कडा फुटल्यात. आणखी लहान केले तर अजून बिघडणार, मोठे ठेवले तर पान उघडणार नाही. दर्जा न घालवता साइझ कमी करणारं चांगलं टूल सांगा. शुक्रवारी साइट द्यायची आहे. होस्टिंग बदला असं कृपया सांगू नका, ते माझ्या हातात नाही.

हलकेपान
सगळे एव्हीआयएफ या नव्या फोटो-फॉरमॅटमध्ये करून टाका, प्रश्न मिटला. क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून आणि सफारीत २०२२ पासून चालतं. तेवढ्याच दर्जाला फाइल बहुतेकदा वेबपी या दुसऱ्या फॉरमॅटपेक्षाही लहान होते.

पिक्सेलमोजणी
एव्हीआयएफवर जायच्या आधी थोडी माहिती द्या. २५० केबी हे फाइलचं वजन झालं, फोटो किती बाय किती पिक्सेलचा आहे? यादीत तो किती रुंदीला दिसतो? कोणत्या टूलने केलं आणि त्यात काय निवडलं होतं? फॉरमॅट कोणता? मूळ फाइली आहेत की त्यांच्यावरच नवीन सेव्ह झाल्या? यातलं काहीच धाग्यात नाही, त्यामुळे आत्ता कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच असेल.

जुनाधागा
वेबसाठी रिझोल्यूशन ७२ डीपीआय हवं. कॅमेऱ्याचे फोटो ३०० डीपीआयचे असतात, म्हणून जड होतात. फोटोशॉपमध्ये ७२ करा, लगेच हलके होतील.

पिक्सेलमोजणी
जुनाधागा, तसं नाही. डीपीआय हा फाइलमध्ये लिहिलेला फक्त एक आकडा असतो, छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते सांगणारा. ब्राउझर पान मांडताना त्याकडे बघत नाही. फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’वर टिक ठेवून ३००चे ७२ केले की पिक्सेलच कमी होतात, फाइल हलकी होते ती त्यामुळे. टिक काढून करून बघा, वजन आहे तेवढंच राहील. मग पिक्सेल थेट का सांगू नयेत?

रेषाकार
लोगो पीएनजीत असेल तर तो एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली फाइल) करून घ्या. एक्सपोर्ट करण्याआधी अक्षरांच्या आऊटलाइन करा, नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला भलतीच अक्षरं दिसतील. ‘व्ह्यूबॉक्स’ (चित्राची चौकट सांगणारा भाग) काढू नका, तो गेला की लोगो लहानमोठा करताना कापला जातो. नंतर एसव्हीजीओ या टूलमधून फाइल काढली की एडिटरने घातलेला कचराही निघतो.

ताणाबाणा
लोगोचा काही प्रॉब्लेम नाहीये.

फोटो ६००० बाय ४०००, काही मोबाइलवरचे आहेत. पिक्सेल मुद्दामच कमी केले नाहीत, कारण कमी केले तर फोटो धूसर होईल ना? ऑनलाइन टूलमध्ये ‘टार्गेट साइझ २५० केबी’ आणि वेबपी निवडलं. ‘मेटाडेटा (फाइलमधली फोटोबद्दलची जादा माहिती) काढा’वर टिक होती, कारण त्याने वजन कमी होतं असं लिहिलं होतं. मूळ फाइली वेगळ्या ठेवल्यात. यादीत लॅपटॉपवर तीन कॉलम, मोबाइलवर दोन. एका पानावर २४ फोटो.

पिक्सेलमोजणी
आता उलगडा झाला. मूळ फाइली आहेत हे फार बरं झालं.

६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. २५० केबी म्हणजे साधारण २० लाख बिट. दर पिक्सेलला ०.०८ बिट मिळाला. एवढ्यात कुठलाही फॉरमॅट वीण सांभाळू शकत नाही. पहिला बळी बारीक पोताचाच जातो, मोठे सपाट रंग तेवढे उरतात. तुम्हाला लिंपल्यासारखं दिसतंय ते हेच. आता तोच फोटो १२०० बाय ८०० करा. पिक्सेल उरतात ९ लाख ६० हजार, आणि त्याच २५० केबीत दर पिक्सेलला दोन बिटांहून जास्त मिळतात. एवढे तर गरजेपेक्षाही जास्त आहेत. पिक्सेल कमी करून फोटो धूसर होतो तो फक्त दिसायच्या जागेपेक्षा लहान केला तरच.

मोबाइल अडकतो त्याचं कारणही हेच. फोटो दाखवायच्या आधी ब्राउझरला तो उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर दर पिक्सेलला ४ बाइट लागतात. एका फोटोला ९६ एमबी मेमरी. फाइल २५० केबीची असो की ५ एमबीची, हा आकडा तोच राहतो. पडद्यावर एका वेळी सहा फोटो आले की हिशोब करून बघा.

तुमच्या पानाला किती लागतं ते आता. मोबाइलची रुंदी ३९० सीएसएस पिक्सेल (पान मांडायचं माप, एकात पडद्याचे अनेक खरे पिक्सेल असू शकतात) धरली तर दोन कॉलममध्ये एक फोटो सुमारे १८५. पडदा तिप्पट घनतेचा असेल तर ५५५ खरे पिक्सेल. लॅपटॉपवर एक कॉलम ३८० धरला तर दुप्पट घनतेला ७६०. म्हणजे यादीसाठी ४००, ६०० आणि ८०० रुंदीच्या तीन फाइली पुरतात. त्या इमेज टॅगच्या ‘एसआरसीसेट’मध्ये द्या, म्हणजे ब्राउझर पडद्याप्रमाणे त्यातली एक निवडेल.

सगळं मूळ फाइलींवरूनच पुन्हा करा. या वेबपी लहान करून वापरू नका, त्यातली वीण गेली ती गेलीच. आणि टार्गेट साइझ हा पर्याय सोडून द्या. साध्या कापडाला ४० केबी पुरतात तिथे बारीक चौकड्याला १२० लागतात. क्वालिटी ठरवा, वजन फोटोप्रमाणे कमीजास्त होऊ द्या.

रंगपारखी
लाल विटकरी होणं आणि फोटो आडवे होणं, दोन्ही त्या ‘मेटाडेटा काढा’मुळे झालंय.

कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर असणार. मेन्यूत ‘कलर स्पेस’ (फोटो कोणत्या रंगव्यवस्थेत साठवायचा ते) बघा. फाइलमधले रंगाचे आकडे कसे वाचायचे ते आयसीसी प्रोफाइल सांगतं, आणि मेटाडेटासोबत तेच गेलं. प्रोफाइल नसलेली फाइल ब्राउझर एसआरजीबी (वेबवरची नेहमीची रंगव्यवस्था) समजून वाचतो. अ‍ॅडोबी आरजीबीचे आकडे एसआरजीबी म्हणून वाचले की रंग मळकट, उतरलेले दिसतात, लाल-हिरव्यात सगळ्यात जास्त. मोबाइलचे फोटो बरेचदा डिस्प्ले पी३ या रंगव्यवस्थेत असतात, त्यांचंही तेच होतं.

क्रम असा ठेवा: आधी रंग एसआरजीबीत बदला, मगच मेटाडेटा काढा. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा, ‘असाइन प्रोफाइल’ नको. असाइनने आकडे तसेच राहतात, फक्त वरचं लेबल बदलतं, म्हणजे सध्याचाच घोळ पुन्हा. यानंतर कॅमेराच एसआरजीबीवर ठेवलात तर आणखी सोपं.

आडव्या फोटोंचं कारण एक्झिफमधली (कॅमेऱ्याने लिहिलेल्या मेटाडेटातली) ओरिएंटेशनची खूण. मोबाइल पिक्सेल आडवेच साठवतो आणि बाजूला खूण करतो की दाखवताना ९० अंश फिरवा. खूण पुसली की फोटो आडवाच राहणार. इमेजमॅजिक हे कमांडने चालणारं टूल वापरणार असाल तर ‘ऑटो-ओरिएंट’ (खुणेप्रमाणे फिरवणं) आधी आणि ‘स्ट्रिप’ (मेटाडेटा काढणं) शेवटी. तिथे क्रिया लिहिलेल्या क्रमानेच होतात. त्यातली ‘मॉग्रिफाय’ ही कमांड मूळ फोल्डरमध्ये चालवू नका, ती मूळ फाइलीवरच लिहिते.

हलकेपान
एवढं हाताने करण्यापेक्षा नोडमधलं (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) शार्प हे फोटो-टूल वापरा. ते मुळातच एसआरजीबीत बदलून देतं आणि मेटाडेटा काढतं. फिरवण्यासाठी मात्र ‘रोटेट’ कंसात काही न लिहिता बोलवावं लागतं, ते विसरलात तर फोटो आडवेच येतील. एक छोटी स्क्रिप्ट, तीन रुंद्या, आणि एव्हीआयएफ. मी अजूनही एव्हीआयएफच म्हणेन.

रंगपारखी
कापडासाठी एव्हीआयएफ डोळे झाकून नको. क्वालिटी खाली आणली की ते बारीक पोत फार सफाईने पुसतं. चौकोन उमटत नाहीत, त्यामुळे बिघाड पटकन लक्षात येत नाही आणि खादी सॅटिनसारखी दिसायला लागते. इथे माणूस वीण बघूनच कापड निवडणार. चेहरे, निसर्गदृश्यं यांना उत्तम आहे, हे मान्य.

हलकेपान
तो सेटिंगचा दोष झाला, फॉरमॅटचा नाही. शार्पमध्ये वेबपी आणि जेपीईजीची ठरलेली क्वालिटी ८०, एव्हीआयएफची ५०. हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. पोतासाठी एव्हीआयएफ ६०–६५वर न्या, तरी फाइलचं वजन वेबपी ८०च्या आसपास किंवा खालीच राहील.

रंगपारखी
मग फायदा किती उरला ते यांच्याच चार फोटोंवर मोजा: एक बारीक चौकडा, एक जरीचं, एक गडद, एक सपाट. दोन्ही करून १०० टक्क्यांवर शेजारी ठेवून बघा. एव्हीआयएफ एन्कोड व्हायला वेळही बराच घेतं. शुक्रवारची मुदत असेल तर मी वेबपी ८०वर थांबेन.

निम्मेकाम
फोटोंचं झालं, पण बॅनर कसा लावलाय? सीएसएसमध्ये बॅकग्राउंड म्हणून की इमेज टॅगने? लेझी लोडिंग (जवळ सरकल्यावरच फोटो मागवणं) कशाकशाला लावलंय? लाइटहाऊस या क्रोमच्या तपासणीत एलसीपी (पहिल्या पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) किती येतो?

ताणाबाणा
बॅनर सीएसएस बॅकग्राउंड आहे, अक्षरं चित्रातच. यादीतल्या सगळ्या फोटोंना लेझी. एलसीपी ५.१ सेकंद.

मूळ फाइलींवरून ४००, ६००, ८०० केले, वेबपी ८०. वीण परत आली, लालही ठीक दिसतोय, सरकवताना अडकत नाही. पण आता मोबाइलवरही ८००चीच फाइल उतरतेय, ६००ची का नाही? आणि ग्राहक झूम करून बघतात, त्याचं काय? मोठे फोटो मी त्यासाठीच ठेवले होते.

निम्मेकाम
८००ची उतरतेय म्हणजे टॅगमध्ये ‘साइझेस’ (फोटो किती रुंद दिसणार ते) लिहिलेलं नाही. ते नसेल तर ब्राउझर फोटो पूर्ण पडद्याच्या रुंदीचा धरतो. ३९० गुणिले तीन म्हणजे ११७०, मग तो एसआरसीसेटमधली सगळ्यात मोठी फाइल उचलणारच. ६०० पिक्सेलपर्यंतच्या पडद्याला ५० व्हीडब्ल्यू (पडद्याच्या रुंदीचे ५० टक्के) आणि त्यापुढे ३८० पिक्सेल असं लिहा. तपासताना कॅशे (ब्राउझरने जपून ठेवलेल्या फाइली) बंद ठेवा. मोठी फाइल आधीच उतरलेली असली तर क्रोम तीच वापरतो आणि आपल्याला वाटतं काही बदललंच नाही. प्रत्येक टॅगमध्ये ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ही लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखलेली राहते आणि पान उड्या मारत नाही.

झूमसाठी २४०० किंवा ३००० रुंदीची वेगळी फाइल करा आणि टॅप केल्यावरच मागवा. ती यादीत कुठेच नको. विणीसाठी मूळ फोटोतूनच १२०० बाय १२००चा तुकडा लहान न करता कापून दाखवलात तर पूर्ण फोटो झूम करण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

बॅनर सीएसएसमधून काढा. ब्राउझर एचटीएमएल वाचतानाच इमेज टॅग हेरून फाइल मागवायला लागतो, बॅकग्राउंडचा पत्ता त्याला सीएसएस उतरल्यावर लागतो. इमेज टॅग करा, ‘फेचप्रायॉरिटी’ (मागवायचं प्राधान्य) हाय ठेवा, त्याला लेझी नको. पहिल्या पडद्यावर दिसणाऱ्या फोटोंचंही लेझी काढा. एलसीपी २.५ सेकंदांच्या आत आला पाहिजे.

रेषाकार
बॅनरची अक्षरं फुटतात ती वेबपीमुळे. लॉसी (माहिती गाळून लहान केलेलं) वेबपी रंगाची माहिती अर्ध्या रुंदी-उंचीवर साठवतं, ४:२:० म्हणतात ते. उजेडाची माहिती पूर्ण असते, म्हणून काळी अक्षरं पांढऱ्यावर चांगली येतात आणि लाल अक्षरं गडद रंगावर फाटतात. क्वालिटी १०० केली तरी ते पूर्ण जात नाही. अक्षरं चित्रातून काढून एचटीएमएलमध्ये टाका, मोबाइलवर वाचताही येतील. चित्रातच हवी असतील तर लॉसलेस (काहीच न गाळणारं) वेबपी किंवा पीएनजी.

हलकेपान
किंवा एव्हीआयएफ, त्यात ४:४:४ मिळतं, म्हणजे रंगाचीही माहिती पूर्ण. शार्पमध्ये तर तेच ठरलेलं आहे.

रंगपारखी
बॅनरला हरकत नाही, तिथे पोत नाही. वेबपीच ठेवायचं असेल तर शार्पमधलं ‘स्मार्टसबसॅम्पल’ लावा. ४:२:०च राहतं, पण लाल कडा बऱ्याच सावरतात.

ताणाबाणा
अक्षरं एचटीएमएलमध्ये टाकली, बॅनर इमेज टॅग केला. एलसीपी २.२. साइझेस लिहिल्यावर मोबाइलवर ६००ची येतेय. पण एका सहकाऱ्याला अजून जुने आडवे फोटोच दिसतायत.

निम्मेकाम
फाइलींची नावं तीच ठेवली असणार. त्याच्या ब्राउझरच्या किंवा मधल्या सीडीएनच्या (फाइली पुरवणारे सर्व्हर) कॅशेत जुनी फाइल आहे. नावात काहीतरी बदल करा, रुंदीसोबत ‘व्ही२’ जोडा किंवा फाइलचा हॅश (फाइलमधल्या माहितीवरून निघणारा कोड) घ्या, आणि पानातले पत्ते बदला. नुसतं रिफ्रेश करायला सांगून तुमच्या सहकाऱ्याचं काम होईल, ग्राहकांचं होणार नाही.