डिजिटाक्टवर रूपक: एलएफओ समेवर कसा आणायचा आणि ठेका जिवंत कसा ठेवायचा?

खर्जनाद

नमस्कार मंडळी. एलेक्ट्रॉनचा डिजिटाक्ट हा सॅम्पल वाजवणारा ड्रम मशीन-सीक्वेन्सर वापरतोय (२०१७ चा पहिला, ओएस १.३०). तबला-डग्ग्याचे एकेरी बोल सॅम्पल करून रूपक (सात मात्रांचा ताल) लावलाय. ट्रॅक १ वर तबला, ट्रॅक २ वर डग्गा, प्रत्येक मात्रेला ४ स्टेप, म्हणजे आवर्तन २८ स्टेपचं. ट्रॅक ३ वर १६ स्टेपची बेसलाइन. टेम्पो ९०.

अडचणी तीन आहेत:

१. फिल्टरवर लावलेला एलएफओ (किंमत आपोआप वरखाली हलवणारी संथ लाट) दर आवर्तनाला वेगळ्याच मात्रेवर उघडतो. मला तो समेवर बंद आणि चौथ्या मात्रेच्या आसपास पूर्ण उघडा हवाय.

२. डग्ग्याचा घुमारा सपाट वाटतो. पी-लॉकने (एका स्टेपपुरती वेगळी किंमत देऊन) ट्यून बदलला तर सूर पायरीसारखा उडी मारतो, मींड येत नाही.

३. ठेका यंत्रासारखा वाजतो. तिरकिट कधी यावं आणि कधी येऊ नये हे पॅटर्न न बदलता कसं करायचं?

मूळ मॅन्युअल वाचलंय. बटणं माहीत आहेत, जुळणी हवी आहे.

---

सप्तकी

आधी एलएफओचं गणित, कारण पहिल्या दोन्ही अडचणी त्याच गणिताच्या आहेत.

स्पीड गुणिले मल्टिप्लायर हा गुणाकार १२८ आला की एलएफओचं एक चक्र १६ स्टेपांत (चार मात्रांत) पूर्ण होतं. २५६ आला तर ८ स्टेप, ५१२ ला ४ स्टेप, २०४८ ला एकच स्टेप. उलटीकडून पाहिलं तर हवा असलेला गुणाकार = २०४८ भागिले स्टेपची संख्या. रूपकाच्या २८ स्टेपसाठी २०४८ ÷ २८ = ७३.१४. मल्टिप्लायर २ ठेवा आणि स्पीड ३६.५७ च्या जवळात जवळ आणा. तुमचा एलएफओ सरकतोय याचा अर्थ स्पीड बहुधा १६ किंवा ३२ अशा गोल आकड्यावर आहे. तो आकडा १६ च्या चौकटीत बसतो, ७ मात्रांच्या नाही. मल्टिप्लायरच्या यादीत दोन संच आहेत हेही बघून घ्या. एक प्रोजेक्टच्या टेम्पोवर चालतो, दुसरा कायम १२० बीपीएम धरून. चुकून दुसऱ्यात असाल तर ९० टेम्पोला कुठलंच गणित जुळणार नाही.

एवढं करूनही मोड 'फ्री' असेल तर स्पीडच्या दशांशातला उरलासुरला फरक साठत जातो आणि काही मिनिटांनी चक्र पुन्हा घसरतं. म्हणून मोड 'ट्रिग' ठेवा. पण ट्रिग मोडमध्ये प्रत्येक बोलावर एलएफओ नव्याने सुरू होतो, आणि तेही नकोय. उपाय ट्रिग पानावरच्या एलएफओ ट्रिगमध्ये आहे: संपूर्ण ट्रॅकला तो बंद करा आणि फक्त पहिल्या स्टेपवर पी-लॉकने चालू करा. आता दर समेला शून्यापासून सुरुवात, मध्ये कुणी ढवळत नाही.

तरंगाच्या निवडीकडे लक्ष द्या. ट्रँगल, साइन, स्क्वेअर, सॉ आणि रँडम हे मूळ किमतीच्या दोन्ही बाजूंना हलतात, एक्स्पोनेन्शियल आणि रॅम्प एकाच बाजूला. फिल्टर फ्रिक्वेन्सी १२७ वर ठेवून साइन लावलात तर वरची अर्धी लाट टोकाला आपटून वाया जाते. मूळ किंमत ६० च्या आसपास आणा, मग डेप्थ (लाट किंमत किती हलवते ते) वाढवा. 'समेवर बंद' हे स्टार्ट फेजने साधेल: लाट तळापासून सुरू होईपर्यंत तो फिरवा. मग शिखर बरोबर अर्ध्या आवर्तनावर, म्हणजे चौथ्या मात्रेच्या मध्यावर येईल. तुम्हाला तेच हवंय.

आता घुमारा. डग्ग्याच्या ट्रॅकवर एलएफओ १: डेस्टिनेशन ट्यून, तरंग साइन, स्टार्ट फेज ०, मोड 'हाफ'. हाफ मोडमध्ये बोल पडताच लाट सुरू होते, अर्धं चक्र चालते आणि थांबते. साइनचं अर्धं चक्र म्हणजे सूर वर जाऊन मूळ जागी परत येणं, मनगटाचा दाब देऊन सोडल्यावर डग्गा नेमकं हेच करतो. गुणाकार २५६ (स्पीड ३२, मल्टिप्लायर ८) धरलात तर पूर्ण चक्र ८ स्टेप, अर्धं ४ स्टेप, म्हणजे एक मात्रा. सूर आधी खाली गेला तर डेप्थचं चिन्ह उलटं करा. डेप्थ मात्र ट्रॅकला ० ठेवा आणि ज्या बोलाला मींड हवी तिथेच पी-लॉक करा. रूपकात डग्गा वाजतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेच्या 'धी'ला, म्हणजे स्टेप १३ आणि २१. दोन्हींना वेगळी डेप्थ द्या, दुसरीला कमी. दोन-तीन सेमीटोनच्या वर गेलात की डग्गा कार्टूनसारखा ऐकू येतो, कारण इथे ट्यून वाढवणं म्हणजे सॅम्पल जलद वाजवणं. टाइमस्ट्रेच तुमच्या ओएस १.३० मध्ये नाही.

अँप पानावरचा डिके लांब ठेवायला विसरू नका. बोल आधीच विरला तर मींड ऐकायला कोणी उरत नाही.

---

पडघम

वरच्या सगळ्याशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाचं बघू.

तिरकिट एका मात्रेच्या उत्तरार्धात बसवायचं तर ४ स्टेपची मात्रा अपुरी पडते, कारण एका स्टेपवर एकच ट्रिग (आवाज वाजवण्याची खूण) ठेवता येतो. 'ना' आणि 'ति' भांडणार. म्हणून ट्रॅक १ आणि २ चा वेग २X करा आणि लांबी ५६. कमाल मर्यादा ६४ आहे, तेव्हा बसतं. (डिजिटाक्ट २ वर १२८ पर्यंत जाता येतं.) फंक्शन धरून पेज दाबा आणि लांबी-वेग प्रत्येक ट्रॅकला वेगळा असणारा मोड निवडा. आता मात्रा स्टेप १, ९, १७, २५, ३३, ४१, ४९ वर. डग्गा २५ आणि ४१ वर. एलएफओचे आकडे बदलू नका: तो ट्रॅकचा वेग बघत नाही, टेम्पो बघतो.

सातव्या मात्रेचा 'ना' ४९ वर. मग:

स्टेप ५३, ट्रॅक १, 'ति': अट ३३%
स्टेप ५४, ट्रॅक १, 'र': अट प्रि
स्टेप ५५, ट्रॅक २, 'कि': अट नेबर
स्टेप ५६, ट्रॅक १, 'ट': अट प्रि

'प्रि' म्हणजे याच ट्रॅकवर शेवटची तपासलेली अट खरी ठरली असेल तरच वाज. 'नेबर' म्हणजे शेजारच्या, एक क्रमांक आधीच्या, ट्रॅकवरची शेवटची अट खरी असेल तर. त्यामुळे तिरकिट आलं तर अख्खं येतं, नाही तर अजिबात नाही. डग्गा तबल्याच्या लगेच पुढच्याच ट्रॅकवर असणं इथे गरजेचं आहे. ट्रॅक ४ वर असता तर त्याने बेसकडे पाहिलं असतं.

डग्ग्याचा उघडा 'गे' आणि बंद 'के' एकाच ट्रॅकवर सॅम्पल लॉकने (त्या स्टेपपुरतं वेगळं सॅम्पल देऊन) ठेवा. प्रत्येक ट्रॅक एकाच वेळी एकच आवाज वाजवतो, त्यामुळे 'के' पडला की 'गे'चा घुमारा आपोआप दाबला जातो. खऱ्या डग्ग्यावर तळवा हेच काम करतो.

तिरकिटासाठी रिट्रिग वापरायचा मोह टाळा. रिट्रिग एकच सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजवतो आणि तिरकिटात चार वेगळे आघात आहेत.

यंत्रपणा घालवायला दुसरा एलएफओ: तबल्याच्या ट्रॅकवर एलएफओ २, रँडम, मोड 'होल्ड', डेस्टिनेशन फिल्टर फ्रिक्वेन्सी, डेप्थ अगदी थोडी. होल्डमध्ये एलएफओ मागे चालू राहतो आणि बोल पडतो त्या क्षणीची किंमत पुढच्या बोलापर्यंत धरून ठेवतो. गुणाकार मोठा ठेवा, स्पीड ३२ आणि मल्टिप्लायर १२८ म्हणजे ४०९६. हळू ठेवलात तर लागोपाठच्या बोलांना एकच किंमत मिळते आणि काहीच बदललं नाही असं वाटतं. डेस्टिनेशन म्हणून सॅम्पल स्टार्ट निवडू नका. तबल्याचा सगळा चेहरा पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो, स्टार्ट हलला की चाटेचा आघातच कापला जातो.

तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेच्या 'ना'ला तीन वेगळी टेक सॅम्पल लॉक करा. हा उपाय साधा आहे, पण कुठल्याही एलएफओपेक्षा जास्त फरक त्यानेच पडतो.

---

खाली-भरी

एक मतभेद नोंदवतो. टक्केवारीची अट हायहॅटला ठीक आहे, ठेक्याला नाही. तबलजी नाणेफेक करून तिरकिट घेत नाही, आवर्तनं मोजून किंवा गायकाकडे बघून घेतो. ५३ व्या स्टेपवर ३३% ऐवजी ४:४ लावा. दर चौथ्या आवर्तनाला तिरकिट येईल आणि ऐकणाऱ्याला रचना कळेल. ट्रॅकची लांबी वेगळी असेल तर अ:ब ची मोजणी त्या ट्रॅकच्या स्वतःच्या फेऱ्यांनी होते, म्हणजे इथे आवर्तनांनीच.

आणि बेसचं बघा. २८ आणि १६ चा लसावि ११२: रूपकाची ४ आवर्तनं, बेसच्या ७ फेऱ्या. ४:४ चं तिरकिट बरोबर त्या मुक्कामाच्या आधी पडतं आणि दोघं एकत्र समेवर येतात. नुसत्या आकड्यांनी मिळालेली ही तिहाईसारखी ओढ यादृच्छिकतेने कधीच मिळणार नाही.

मास्टर लेंग्थ इन्फिनिट किंवा ११२ ठेवा. १६ वर राहिली तर दर १६ स्टेपला सगळे ट्रॅक पहिल्या स्टेपवर ओढले जातात आणि रूपकाची पाचवी मात्रा कधी येतच नाही. इन्फिनिट ठेवलीत तर चेंज लेंग्थही भरा, नाहीतर पुढचा पॅटर्न रांगेत लावलात तरी तो सुरूच होणार नाही.

प्रत्यक्ष वाजवताना अचानक तिरकिट हवं असेल तर अट फिल ठेवा. ग्रिड रेकॉर्डिंग बंद असताना पेज बटण धरलं की फिल चालू, सोडलं की बंद. गायकाकडे बघून घेण्याचं काम बोटाने होतं.

---

खर्जनाद

सगळ्यांचे आभार. मींड आली, एलएफओ समेवर बसला. दोन गोष्टी राहिल्या.

तिरकिट ३३% वर असताना मधूनच नुसतं 'रकिट' वाजत होतं, 'ति' गायब. फरक पडावा म्हणून ५४ व्या स्टेपच्या 'र'ला ८७% दिले आहेत, बाकी पडघम यांनी सांगितलं तसंच.

आणि बेसचा फिल्टर शेवटच्या ८ स्टेपांत हळूहळू उघडायचाय. आठ स्टेपना चढत्या किमतींचे पी-लॉक दिले तर जिना ऐकू येतो. एका स्टेपवरून दुसरीवर घसरत जाण्याची सोय कुठे आहे?

---

पडघम

'रकिट'चं कारण ते ८७%च आहे. ती आता स्वतंत्र अट झाली आणि 'ति' चुकला तरी ती बहुतेक वेळा खरी ठरते. त्यानंतरचे प्रि आणि नेबर तिच्याकडेच बघतात, कारण तीच शेवटची तपासलेली अट. प्रि आणि नेबर स्वतः मोजले जात नाहीत, बाकी प्रत्येक अट साखळी तोडते. 'र'ला परत प्रि द्या आणि फरक हवाच असेल तर व्हेलॉसिटी कमी करा.

---

सप्तकी

पॅरामीटर स्लाइड डिजिटाक्टमध्ये नाही. ऑक्टाट्रॅक आणि अॅनालॉग रिदममध्ये आहे. इथे ते काम एलएफओकडून करून घ्यावं लागतं: बेसच्या ट्रॅकवर तरंग रॅम्प, मोड 'वन', डेस्टिनेशन फिल्टर फ्रिक्वेन्सी, गुणाकार २५६ म्हणजे ८ स्टेप. ट्रॅकला डेप्थ ०. स्टेप ९ च्या नोटवर डेप्थ पी-लॉक करा आणि एलएफओ ट्रिग फक्त तिथेच चालू ठेवा. पी-लॉक त्या ट्रिगपुरताच असतो, पुढची नोट आली की डेप्थ परत ० होते. म्हणून १० ते १६ मधल्या प्रत्येक नोटवरही तीच डेप्थ लॉक करा, एलएफओ ट्रिग मात्र बंदच. दिशा उलटी वाटली तर डेप्थ ऋण करा आणि मूळ फ्रिक्वेन्सी त्या हिशेबाने वर घ्या.

लांब धरलेल्या एकाच नोटेत फिल्टर हलवायचा असेल तर फंक्शन धरून ट्रिग दाबा, पिवळा लॉक ट्रिग येतो. तो नोट पुन्हा न वाजवता फक्त किंमत बदलतो.

पी-लॉक सढळ हाताने वापरताय म्हणून सांगतो: एका पॅटर्नमध्ये किती वेगवेगळे पॅरामीटर लॉक करता येतात याला मर्यादा आहे. एकच पॅरामीटर कितीही स्टेपवर लॉक केला तरी तो एकच धरला जातो, त्यामुळे डेप्थचे हे आठ लॉक मिळून एक. मर्यादा गाठली की नवा लॉक बसत नाही. तेव्हा उगाच कुठेतरी हलून लॉक झालेला पॅन किंवा रिव्हर्ब सेंड शोधा.

---

खाली-भरी

हे सगळं बसलं की वाजवण्याआधी फंक्शन आणि यस दाबून पॅटर्न तात्पुरता जपा. मग ट्रॅक बटण धरून फिल्टर फिरवलात की सगळे ट्रॅक एकदम हलतात, आणि समेच्या क्षणी फंक्शन व नो दाबलं की सगळं जागच्या जागी परत. रूपकाची सम 'खाली'च्या (टाळी नसलेल्या) जागी असते, तिथे डग्गा नसतोच. तबल्याचा एकटा 'तीं' मोकळा ऐकू यावा म्हणून पहिल्या स्टेपवर बेसचं ट्रिगही ठेवू नका.