लहान कॉलेजातील फुटबॉल प्रशिक्षकाची साठ वर्षे

प्रश्न :
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक, म्हणजे 489 विजय मिळवणारे प्रशिक्षक जॉन गलार्डी हे कोणत्याही नामांकित मोठ्या विद्यापीठाचे नव्हते, हे वाचून मला आश्चर्य वाटले. मिनेसोटा राज्यातील कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स या लहानशा विद्यापीठात त्यांनी 1953 ते 2012 असे सलग साठ हंगाम काढले. इतके यश मिळूनही ते वरच्या स्तरावर का गेले नाहीत? आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरील विजयांना कितपत महत्त्व द्यावे?

प्रतिसाद १ :
आपल्या दुसऱ्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते आधी तपासावे. सेंट जॉन्स आज ज्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या स्तरात खेळते, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. हा नियम प्रतिस्पर्ध्यांनाही लागू असल्याने ‘दुबळे’ हा शब्द येथे नीट बसत नाही. सामना बरोबरीच्या कॉलेजांमध्येच होतो. प्रशिक्षकाच्या कामाचे स्वरूप मात्र यामुळे पार बदलते. मोठ्या विद्यापीठातील खेळाडूला शिष्यवृत्ती गमावण्याची भीती असते. येथे खेळणाऱ्या मुलाला सराव जाचक वाटला, तर तो दुसऱ्या दिवशी संघ सोडून अभ्यासाला लागू शकतो. त्याला धरून ठेवायचे तर सराव हवाहवासा वाटला पाहिजे.

प्रतिसाद २ :
वरील मुद्दा योग्य आहे. परंतु गलार्डी यांची पद्धत डिव्हिजन थ्रीच्या नियमांतून जन्मली, असे मात्र कोणी समजू नये. कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथे ते शाळेत शिकत असताना, 1943 मध्ये त्यांच्या संघाच्या प्रशिक्षकांना युद्धासाठी सैन्यात बोलावले गेले आणि सोळा वर्षांच्या या खेळाडूवरच संघाची जबाबदारी आली. खेळाडू म्हणून ज्या गोष्टींचा त्यांना स्वतःला जाच होत असे, त्या त्यांनी काढून टाकण्यास सुरुवात केली. पुढे मोंटाना राज्यातील हेलेना येथील कॅरोल कॉलेजात चार हंगाम काढून ते सेंट जॉन्सला आले, तेव्हा ही ‘नकारांची यादी’ वाढतच गेली : सरावात टॅकल करून कोणाला जमिनीवर पाडायचे नाही, शिट्टी वाजवायची नाही, दीड तासाहून अधिक सराव करायचा नाही आणि प्रशिक्षकाला ‘कोच’ म्हणायचे नाही. खेळाडू त्यांना सरळ ‘जॉन’ म्हणत. सरावात टॅकल नसल्याने दुखापती टळतात आणि शनिवारच्या सामन्याला खेळाडू ताजेतवाने उतरतात, असा त्यामागचा हिशेब होता. (आज मेंदूच्या दुखापतींवर एवढी चर्चा होत असताना हा हिशेब किती दूरदृष्टीचा होता, हे वेगळे सांगायला नको.)

प्रतिसाद ३ :
गलार्डी यांच्याविषयी आदर बाळगूनही सांगावेसे वाटते की त्यांची वाटचाल हा या व्यवसायाचा नियम नाही. लान्स लायपोल्ड यांनी डिव्हिजन थ्रीमधीलच विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आठ हंगामांत सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, 109 सामने जिंकले, केवळ 6 गमावले आणि मग 2015 मध्ये बफेलो व 2021 मध्ये कॅन्सस या वरच्या स्तरावरील विद्यापीठांची वाट धरली. त्यांना महत्त्वाकांक्षी म्हणून दूषण देणे मला अन्यायाचे वाटते. उलट ओहायोतील माउंट युनियनचे लॅरी केरस 332 विजय आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवूनही आपल्याच कॉलेजात राहिले. तेव्हा ‘वरचा स्तर’ ही पायरी चढायची की नाही, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवले, एवढेच म्हणता येते.

प्रश्नकर्ता :
सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. ‘दुबळे’ हा शब्द मी मागे घेतो. केरस आणि गलार्डी यांचे संघ कधी समोरासमोर आले होते का?

प्रतिसाद २ :
होय, आणि तेही डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात. 2003 च्या नोव्हेंबरमध्ये गलार्डी यांनी ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम मागे टाकला. त्यानंतर डिसेंबरमध्ये व्हर्जिनियातील सेलम येथे त्यांची गाठ सलग 55 सामने जिंकून आलेल्या माउंट युनियनशी पडली. सेंट जॉन्सने तो सामना 24-6 असा जिंकला. गलार्डी तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यानंतरही त्यांनी आणखी नऊ हंगाम काम केले.