एडिनबरोचा सिटी आर्किटेक्ट मॅक्रे
पालिकेचा आर्किटेक्ट म्हणजे फायलींवर सह्या करणारा बाबू, असं पुष्कळांना वाटतं. एबेनेझर मॅक्रे बघा. १९२५ ते १९४६ स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा सिटी आर्किटेक्ट, म्हणजे पालिकेचाच आर्किटेक्ट. सरकारी घरं तर त्याने ढिगाने बांधलीच. पिअर्सहिलला जुन्या घोडदळाच्या बराकींच्या जागी उभी केलेली वसाहत त्यातली माझी आवडती. पण खरी गंमत १९३०च्या दशकातल्या पोलीस चौक्यांची! पेटीएवढी चौकी, बिडाची ओतीव, फॉल्कर्कजवळच्या कॅरन कारखान्यातली. तरी वर देवळासारखी त्रिकोणी शिरपट्टी, कारण आजूबाजूचं शहर तशाच अभिजात शैलीतलं. लंडनच्या पोलिसांची निळी पेटीवजा चौकी तिथे विजोडच दिसली असती. आता त्यातल्या काहींत कॉफी विकतात. फायलींवर सह्याही मॅक्रेने केल्याच असतील म्हणा, नोकरीच ती!