फळमाशीतली चरबी मोजताना आकडे जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फळमाशीवर काम करणारं किंवा पूर्वी केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. मी पुण्यात पीएचडी केली ती बुरशीवर. गेलं दीड वर्ष जर्मनीत पोस्टडॉक करते आहे आणि माश्या हाताळायला इथे येऊनच शिकले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पिकलेल्या केळ्यांवर जमतात ती चिलटं म्हणजेच ड्रोसोफिला. तिच्या शरीरात फॅट बॉडी नावाची ऊती असते, आपलं यकृत आणि चरबी या दोघांचंही काम ती एकटीच करते. खाल्लेलं अन्न ट्रायग्लिसराइडच्या थेंबांत साठवायचं आणि उपास पडला की फोडून वापरायचं. हे थेंब फोडणाऱ्या एका लायपेजचं नाव ब्रमर. माणसातलं एटीजीएल हे त्याचंच भावंड. ब्रमर नसेल तर माशी लठ्ठ होते, हे २००५ साली ग्योटिंगेनच्या गटाने दाखवलं.

माझा जीन वेगळा आहे (अजून छापलेलं नाही, म्हणून नाव देत नाही). पण मोजमाप बरोबर चाललंय ना हे पाहायला मी दर वेळी फॅट बॉडीत ब्रमरचा आरएनएआय नॉकडाउनही (त्याचा आरएनए घटवून जीन मंदावणं) लावते. त्यात चरबी वाढलेली दिसायलाच हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंट्रोलच्या जवळजवळ दीडपट दिसली. जानेवारीपासून तीनदा केलं, काहीच फरक नाही.

पद्धत अशी: सात दिवसांचे नर, एका नळीत पाच, ट्वीन घातलेल्या बफरमध्ये कुटून १० मिनिटं ७० अंशांवर. मग एन्झाइमचं रिएजंट घालून ५४० नॅनोमीटरला रीडिंग आणि शेवटी प्रथिनाने भागाकार. क्रॉस (नर-मादीच्या जोड्या) २५ अंशांवर, माश्या नेहमी सकाळी नऊलाच गोळा करते. जानेवारीत यीस्टचं नवीन पोतं उघडलं, एवढाच बदल मला आठवतो.

बॉस म्हणतात, पुन्हा कर. पण काय बदलून पुन्हा करू? माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे, आणि ब्रमरच दिसत नसेल तर माझ्या जीनच्या एकाही आकड्यावर माझा स्वतःचा विश्वास बसत नाही. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद

यीस्टवर शंका घेणं बरोबरच आहे. यीस्ट आणि साखर यांचं प्रमाण हललं की चरबी हलते. पण मग कंट्रोल आणि नॉकडाउन दोन्ही हलायला हवेत, दोघांना एकाच पातेल्यातलं अन्न दिलं असेल तर. त्यापेक्षा गर्दी बघा. एका व्हायलमध्ये चाळीस अळ्या आणि दुसरीत दोनशे असतील तर मोठेपणीची चरबी सारखी येणारच नाही. अंडी मोजून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण माझी एक पूर्ण मालिका यानेच सुधारली.

प्रतिसाद

ताई, तीन गोष्टी विचारतो. माश्या डोक्यासकट कुटल्यात का? कंट्रोलच्या डोळ्यांचा रंग कोणता? आणि मोकळं ग्लिसरॉल (चरबीत न बांधलेलं, पण रिएजंट तेही मोजतं) प्रत्येक नमुन्याचं वेगळं मोजून वजा केलंत का?

धागाकर्ती

दादा, पहिल्या दोन वेळा अख्ख्या माश्या होत्या. जानेवारीपासून डोकी आरएनएसाठी वेगळी ठेवते. हा बदल मी वर लिहिलाच नाही, मला तो महत्त्वाचा वाटला नव्हता. कंट्रोल म्हणजे ड्रायव्हर (आरएनएआय चालू करणारी माशी) गुणिले पांढऱ्या डोळ्यांची माशी, त्यामुळे फिकट नारिंगी. नॉकडाउनचे डोळे गडद. आणि रिएजंट वाचवायला मोकळं ग्लिसरॉल फक्त कंट्रोलचं मोजलं, तेवढंच सगळ्यांतून वजा केलं.

प्रतिसाद

मग बहुधा इथेच आहे. ड्रायव्हर आणि आरएनएआय, दोन्ही इन्सर्शनवर (माशीत घातलेल्या डीएनएवर) मिनी-व्हाइट हा डोळ्यांना रंग देणारा जीन असतो. नॉकडाउनमध्ये दोन्ही एकत्र येतात, म्हणून रंगद्रव्य जास्त, आणि ते तुमच्याच तरंगलांबीजवळ प्रकाश शोषतं. प्रत्येक नमुन्याचं ग्लिसरॉल वेगळं वजा केलं असतंत तर रंगही आपोआप वजा झाला असता. म्हणजे ऑक्टोबरचा फरक डोळ्यांचा असू शकतो आणि जानेवारीचा आकडा खरा, कारण तेव्हा डोकीच नव्हती.

तसं असेल तर नॉकडाउन पुरेसा होत नाहीये. आधी क्यूपीसीआरने (आरएनए मोजायची पद्धत) ब्रमरचा आरएनए किती घटला ते बघा. क्रॉस २९ अंशांवर ठेवा, ड्रायव्हरमधला गॅल४ तिथे जास्त जोरात चालतो. आणि कसोटीसाठी आरएनएआयऐवजी ब्रमरचा म्यूटंटच (ज्यात तो जीनच बिघडलेला आहे) वापरा. एकदा टीएलसी (थिन-लेयर क्रोमॅटोग्राफी, प्लेटवर पदार्थ वेगळे करणं) करा. तिथे ट्रायग्लिसराइडचा पट्टा वेगळा निघतो, डोळ्यांचा रंग आड येत नाही.

धागाकर्ती

ऑक्टोबरच्या उरलेल्या नळ्या उणे ८० मध्ये होत्या. आज काढल्या आणि रिएजंट न घालताच वाचल्या. खिडकीपाशी धरल्या तर नॉकडाउनच्या नळ्यांत गुलाबीसर झाक नुसत्या डोळ्यांनाही दिसते, कंट्रोलच्या जवळजवळ स्वच्छ आहेत. फरकातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या रंगाचा निघाला.

नोव्हेंबरच्या पोस्टरवर तो आलेख मी लावला होता. बॉसना दुपारी नळ्या दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोस्टर मागे घ्यायचं ठरलं. शेजारच्या लॅबने ब्रमर म्यूटंटची एक व्हायल दिली आहे, २९ अंशांचे क्रॉस उद्या लावते, या वेळी अंडी मोजून.

दादा, तुम्ही विचारलं नसतंत तर मी अजून सहा महिने यीस्टच बदलत बसले असते. मनापासून आभार. आता एकच: टीएलसी कुणी स्वतः चालवली असेल तर एका लेनला किती माश्या घेता, आणि प्लेटवर पट्टा कशाने रंगवता?