चिनी बनावटीची २५० सीसी ऑफ-रोड मोटारसायकल: तुटलेला बोल्ट कशाचा पुरावा मानावा?

वाळवंटी (फिनिक्स, ॲरिझोना)

नमस्कार मंडळी. गेल्या ऑक्टोबरात मी चिनी बनावटीची एक २५० सीसी, एअर-कूल्ड, ऑफ-रोड मोटारसायकल घेतली. विकणाऱ्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हीच गाडी थोड्याफार फरकाने अमेरिकेत तीन-चार निरनिराळ्या नावांनी विकली जाते आणि माझी तक्रार त्यांतल्या एकावरच आहे असा समज व्हायला नको. गाडी लोखंडी सांगाड्यात बांधून घरी आली. पुढचे चाक, हँडल, बॅटरी आणि आरसे मीच बसवले. किंमत दोन हजार डॉलरांच्या थोडी वर, म्हणजे त्याच आकाराच्या नव्या जपानी गाडीच्या निम्म्याहून कमी.

आतापर्यंत १,४०० किलोमीटर झाले आहेत आणि गाडीविषयी माझे मत दर आठवड्याला बदलते. पहिल्याच दिवशी मागच्या ॲक्सलचा नट हाताने फिरत होता. ३०० किलोमीटरांनंतर मागच्या चाकाचे बारा स्पोक सैल निघाले. चिमटा (मागचे चाक धरणारा स्विंगआर्म) काढून पाहिला तर त्याच्या बोल्टवर ग्रीसचा मागमूस नव्हता. १,१०० किलोमीटरांच्या सुमारास इंजिनाला चौकटीशी धरून ठेवणारा मागचा एक बोल्ट तुटला. डोक्याकडचा तुकडा वाळूत कुठेतरी पडला आणि उरलेला आत राहिला. दुसरीकडे इंजिनाबद्दल तक्रार करायला जागा नाही. ते पहिल्या किकेला सुरू होते, आवाज एकसारखा आहे, तेल पीत नाही. फक्त थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

माझा प्रश्न असा आहे की, या दोषांपैकी कोणते जोडणीतल्या हलगर्जीपणाचे आणि कोणते मुळातल्या हलक्या मालाचे, हे प्रयोगशाळेशिवाय, घरच्या गॅरेजात कसे ओळखावे? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जूनमध्ये मोगोलॉन रिम या इथल्या उंच पठाराच्या कडेवरच्या जंगलरस्त्याने तीन दिवस एकट्याने फिरण्याचा बेत आहे आणि तिथे बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते.

चाकणकर

माझी बारा वर्षे वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात गेली आहेत, त्यामुळे बोल्टापासूनच सुरुवात करतो. तो तुटलेला तुकडा फेकला नसेल अशी आशा आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या तुटलेल्या तोंडावर लिहिलेले असते.

तुकडा रॉकेलने स्वच्छ धुऊन उन्हात भिंगाखाली धरा. शिंपल्यावर असतात तशा एकाआड एक वक्र रेघा दिसल्या आणि शेवटचा थोडा भाग खरखरीत असला, तर तो बोल्ट एका धक्क्याने तुटलेला नाही. तो हजारो हेलकावे खात, एका कडेपासून हळूहळू चिरत गेला आहे. अशी चीर बहुतेक वेळा बोल्ट पुरेसा आवळलेला नसल्यामुळे सुरू होते. नीट ताणलेला बोल्ट दोन भागांना इतक्या जोराने दाबून ठेवतो की इंजिनाची थरथर त्या दाबातच जिरते. सैल बोल्टाला मात्र प्रत्येक धक्का स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो, आणि मग तो कितीही चांगल्या पोलादाचा असला तरी टिकत नाही. याउलट तुटण्याच्या जागी बोल्ट तोटीसारखा बारीक झालेला दिसला, तर तो मऊ तरी होता किंवा कोणीतरी लांब पान्याने अंगाबाहेर आवळला होता. रेघा नाहीत, बारीक होणे नाही, नुसते सपाट, साखरेसारखे दाणेदार तोंड असेल, तर मात्र पोलादाचीच शंका घ्यावी.

त्यानंतर गाडीवरच्या उरलेल्या बोल्टांची डोकी वाचा. ८.८ असा ठसा असेल तर त्याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसण्याची ताकद, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत म्हणजे ६४० पर्यंत तो कायमचा न ताणता परत येतो. ज्याच्या डोक्यावर अंक नाही आणि बनवणाऱ्याची खूणही नाही, तो बोल्ट इंजिन, चिमटा, ब्रेक आणि हँडल यांच्या आसपास ठेवू नये. अशा जागांचे सगळे बोल्ट नवे घ्यायला तीस-चाळीस डॉलरांपेक्षा जास्त लागणार नाहीत. फक्त दोन मोह टाळा. चकाकते म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावू नका, आणि १२.९ म्हणजे अधिक चांगले असे समजून तेही लावू नका. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये बोल्ट जिंकतो आणि आटे हरतात. अंदाजासाठी सांगतो, कोरड्या ८.८ बोल्टाला ६ मिलिमीटरच्या मापात साधारण १० आणि ८ मिलिमीटरच्या मापात २५ न्यूटन-मीटर पुरते, पण गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच पाळा. आवळून झाल्यावर नट आणि चौकट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ मोडली की नट फिरला.

जाता जाता एक सांगतो. ऑस्ट्रियन नावाच्या कितीतरी मोटारसायकली आमच्या चाकणमधून जगभर जातात, आणि सुरुवातीला ‘भारतात बनलेली’ म्हणून नाक मुरडणारे ग्राहक मी पाहिलेले आहेत. बीएमडब्ल्यूची सी ४०० ही स्कूटर चीनमध्ये लोंसिन ही कंपनी बनवते. देश तोच आणि पुष्कळदा यंत्रेही त्याच तोडीची. तुमच्या गाडीत आणि त्या स्कूटरमध्ये अंतर पडते ते कोणता माल नाकारायचा हे ठरवणारा माणूस ओळीच्या शेवटी उभा आहे की नाही, आणि त्याचा पगार कोण देतो, यामुळे. दोन हजार डॉलरांत तो पगार बसत नाही. ते काम तुमच्याकडे आले आहे.

वाळवंटी

आपल्या उत्तराबद्दल मनापासून आभार. तुकडा डब्यात जपून ठेवला होता. भिंगाखाली पाहिले तेव्हा एका कडेपासून सुरू झालेल्या वक्र रेघा स्पष्ट दिसल्या आणि त्यांनी जवळजवळ दोन-तृतीयांश तोंड व्यापले आहे; उरलेला चंद्रकोरीएवढा भाग खरखरीत आहे. त्यानंतर इंजिनाचे बाकीचे बोल्ट तपासले, तर त्यांतला एक टॉर्क रेंचला (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याला) जवळपास पाव फेरा विनाविरोध फिरला. डोक्यांवर ८.८ आहे. म्हणजे या बाबतीत माल गुन्हेगार नाही, हे मला मान्य करावे लागते. (आणि पहिल्या दिवशी ॲक्सलचा नट सैल दिसल्यावरही बाकीचे बोल्ट मी तपासले नाहीत, हेही.)

पर्थवासी

माझ्याकडे याच घराण्यातले इंजिन असलेली गाडी चार वर्षे आहे आणि १८,००० किलोमीटर झाले आहेत, म्हणून पुढे काय वाढून ठेवले आहे ते सांगू शकतो.

आधी इंजिनाच्या डाव्या-उजव्या खोक्यावर कोरलेला क्रमांक पाहा. त्यात १६७एफएमएम अशी अक्षरे असतील, तर १ म्हणजे एक सिलिंडर, ६७ म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेने थंड होणारे, पहिला एम म्हणजे मोटारसायकल आणि शेवटचा एम म्हणजे २५० चा वर्ग. स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६५ मिलिमीटर धरून गुणाकार केला तर क्षमता २२९ सीसी येते. २५० हा आकडा टाकीवरच्या स्टिकरचा. हा क्रमांक मात्र सोन्यासारखा आहे, कारण गाडीच्या नावाने सुटे भाग मिळाले नाहीत तरी या क्रमांकाने गॅस्केट, क्लचप्लेट, पिस्टन सगळे मिळते.

हे इंजिन मुळात होंडाच्या १९७६ च्या सीजी १२५ चे वंशज आहे. मालक तेल वेळेवर बदलणार नाही आणि गाडीवर दुप्पट ओझे लादेल असे गृहीत धरूनच होंडाने ते आखले होते, म्हणून त्यात कॅमची साखळी नाही. कॅम खाली असतो, गिअरने फिरतो आणि लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह ढकलतो. पाकिस्तानात तर सीजी १२५ ने अनेक पिढ्या काढल्या. तुमचे इंजिन बिनतक्रार चालते यात म्हणूनच आश्चर्य नाही. ते कधीच सिद्ध झालेले आहे. त्याच्याभोवती जे लावले आहे ते सिद्ध व्हायचे आहे.

माझ्या गाडीत पहिली चेन गेली, २,५०० किलोमीटरांच्या आतच. ६,००० च्या सुमारास हँडल सरळ रेषेत खटकन अडकल्यासारखे वाटू लागले. कोन सेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) उघडला तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले होते, कारण कारखान्यातून ग्रीस नखाएवढेच भरलेले होते. गोळ्यांऐवजी टेपर रोलरचा (निमुळत्या रोलरांचा) सेट बसवला आणि तो प्रश्न मिटला. पुढे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चिरा पडल्या, आणि रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करण्यासाठी वीज बदलून देणारा भाग) एकदा जळाला. इंजिनात चार वर्षांत टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवणे) आणि तेल यांपलीकडे हात घातलेला नाही. तेल मात्र हजार किलोमीटरांना बदलतो, कारण आत कागदी फिल्टर नाही, जाळी आहे. जाळीत आलेल्या कणांवर लोहचुंबक फिरवून पाहा: न चिकटणारी चमचमती बारीक भुकटी सुरुवातीला येतेच, चिकटणारे टोकदार तुकडे आले तर गाडी तिथेच थांबवा.

फटाक्यांचे कारण बहुधा कार्ब्युरेटर. धुराचे नियम पाळण्यासाठी कारखान्यातून मिश्रण पेट्रोलच्या बाजूने इतके पातळ ठेवलेले असते की थ्रॉटल सोडताच ते नीट पेटत नाही. तुमच्याकडे गंमत अशी की फिनिक्स सुमारे ३३० मीटरवर आहे आणि रिम २,००० मीटरच्या वर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ, म्हणजे तेच मिश्रण तिथे आपोआप दाट होते. खाली कुरकुरणारी गाडी वर शहाण्यासारखी वागली तर नवल नाही. त्यामुळे फेरीआधी फिनिक्समध्ये खूष व्हावी म्हणून मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे छिद्र) दोन पायऱ्यांनी वाढवू नका.

जुनीयामाहा

सर्वांचे लिहिणे माहितीपूर्ण आहे, पण एक हिशेब कोणीच मांडला नाही. बोल्ट तपासणे, कोन सेट बदलणे, चेन, टायर, स्पोक आवळून चाकाच्या रिमची आउट (वाकडेपणा) काढणे, चिमट्याला ग्रीस भरणे, यांत मालकाचे तीस-चाळीस तास सहज जातात आणि पाच-सहाशे डॉलर वर लागतात. तेवढी भर घालून दहा-बारा वर्षे जुनी, नीट वापरलेली यामाहा एक्सटी २५० अमेरिकेत मिळू शकते. तिचे कोणते भाग कधी झिजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि विकताना पैसे बुडत नाहीत. ज्याला पाने हातात धरण्याचीच हौस आहे त्याने चिनी गाडी जरूर घ्यावी. ज्याला फक्त हिंडायचे आहे त्याने घेऊ नये.

दुसरे, ‘चिनी गाडी’ असा एकच वर्ग मानून या धाग्यातले अनुभव सरसकट लावणेही चूक ठरेल. २०२३ च्या डकार रॅलीत कोव्हे या चिनी कंपनीच्या तीन गाड्या उतरल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत पोहोचल्या. सीएफमोटोची ४५० सीसीची दोन सिलिंडरची ॲडव्हेंचर गाडी अमेरिकेत २०२४ मध्ये साडेसहा हजार डॉलरांच्या आसपास आली, आणि तिचे सस्पेन्शन जपानी केवायबीचे आहे. त्या गाड्यांचे गुणदोष असतीलच, पण ते लोखंडी सांगाड्यातून निघणाऱ्या दोन हजारांच्या गाडीवरून ठरवता येणार नाहीत.

चाकणकर

हिशेब बरोबर आहे, आणि ज्याने अजून घेतलेली नाही त्याने तो आधी करावा. प्रश्नकर्त्याने मात्र गाडी घेतलेली आहे, आणि त्यांतले अर्धे तास खर्चही झाले आहेत. राहिलेल्यांत कोन सेट आणि चौकटीच्या वेल्डिंगच्या शिवणी पाहणे एवढे उरकावे. शिवणीच्या कडेने रंगाला केसासारखी भेग आणि तिच्यातून गंजाची रेघ आली असेल, तर ती चौकट घेऊन रिमवर जाऊ नये. तो दोष पान्याने दुरुस्त होत नाही.

वाळवंटी

आज चौकट धुऊन बॅटरीच्या उजेडात सगळ्या शिवणी पाहिल्या. भेग नाही, डाव्या फुटपेगजवळची एक शिवण बेढब आहे, पण तिच्यावरचा रंग अखंड आहे. कोन सेट उघडला. ग्रीस खरोखरच नखाएवढे होते, वाट्या अजून गुळगुळीत आहेत. टेपर रोलर मागवले आहेत आणि ते येईपर्यंत जुनाच सेट ग्रीस भरून बसवला. इंजिनाचे सगळे बोल्ट नवे लावून पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या. आता घराजवळच्या कच्च्या रस्त्यावर ४०० किलोमीटर फिरवून रेघा पुन्हा पाहीन, आणि एक जरी मोडलेली दिसली तर जूनचा बेत पुढे ढकलीन. कामावरचा एक मित्र त्याच्या सुझुकी डीआर ६५० वर सोबत यायला तयार झाला आहे. पर्थवासी, येताना वाटेत रेक्टिफायर जवळ बाळगावा का, की तो इतका सहसा जात नाही?

पर्थवासी

बाळगा. काडेपेटीएवढा असतो, आणि त्याच्याबरोबर चेनची एक जादा लॉक-लिंकही ठेवा.