मदत हवी आहे : घरासाठी ऑल-इन-वन जिम मशीन, स्मिथवालं घेऊ की मल्टिजिम? (जरा तातडीचं)

तिसरी_गल्ली
नमस्कार मंडळी. घरी स्ट्रेंथ ट्रेनिंगसाठी एकच मशीन घ्यायचंय, त्यात सगळं व्हायला हवं. शोधून शोधून दोनावर आलोय. पहिलं म्हणजे स्मिथ मशीन (बार उभ्या रुळांवरच वरखाली होतो), रॅक (बार टेकवायचा सांगाडा) आणि दोन्ही बाजूंना केबल असलेलं धूड, प्लेट्स आपण चढवायच्या. दुसरं नेहमीचं मल्टिजिम, ७२ किलोचा स्टॅक (एकावर एक वजनाच्या पट्ट्या, पिन लावून हव्या तेवढ्या उचलायच्या), लॅट पुलडाउन (वरून खाली ओढायचं), चेस्ट प्रेस (छातीपासून पुढे ढकलायचं), पेक फ्लाय (पसरलेले हात समोर आणायचे), लेग एक्स्टेन्शन.

सेल रविवारी रात्री संपतोय. ज्यांच्या घरी यातलं एखादं आहे त्यांनीच सांगा. 'जवळची जिम लावा' असं कृपया कोणी लिहू नका. ऑफिस बीकेसीला, घरी पोचेपर्यंत साडेनऊ.

रानमोगरा
बजेट किती? खोली केवढी? वापरणार कोण कोण? आधी कधी वजनं उचललीत का?

तिसरी_गल्ली
बजेट ८० हजार. जागा आहे, तो प्रश्न नाही. उचललीत, कॉलेजात. दोनातलं कोणतं तेवढं सांगा ना.

जोरबैठक
दोन्ही नको. ८० हजारांचं लोखंड घरात आणून ठेवायचं आणि वर्षभराने त्यावर टॉवेल वाळत घालायचे. जोर, बैठका, जमलं तर मुद्गल. आमच्या शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मुलं मल्लखांबावर काय करतात ते एकदा जाऊन बघा, मग मशीनचं बोला.

गोगलगाय
टॉवेल आले! तिसऱ्याच प्रतिसादात. या विषयावरचा एकही धागा टॉवेलांशिवाय पुढे जात नाही.

रानमोगरा
@जोरबैठक, काका, जोर मारून छाती, खांदे, दंड होतील. बैठकांनी मांड्या. पण ओढायचा व्यायाम कुठाय त्यात? पाठीला काय? दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. मल्लखांब पाठीला उत्तम, पण तो बेडरूममध्ये पुरायचा का?

जोरबैठक
दोरीचा मल्लखांब असतो. छताला हूक लागतो फक्त.

पुलीवाला
बरीच वर्षं जिमची मशीनं दुरुस्त करतोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

स्टॅकवर ७२ लिहिलंय म्हणजे हाताला ७२ लागेल असं नाही. केबल कशी फिरवलीय त्यावर ते ठरतं. स्टॅक एका हलत्या पुलीला टांगला असेल तर हाताला निम्मं वजन येतं आणि केबल दुप्पट लांब येते. त्याला २:१ म्हणतात. थेट ओढत असेल तर १:१. एकाच मल्टिजिममध्ये लॅट पुलडाउन १:१ आणि फ्लाय वेगळाच, असंही असतं. चेस्ट प्रेसला लिव्हर आला की हिशोब आणखी बदलतो. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. दुकानदाराला विचारा, त्याला माहीत नसेल (बहुतेक नसेलच) तर सामानाचा हुकवाला वजनकाटा घेऊन जा. हँडल काढून तो अडकवा, स्टॅकला ४० ची पिन लावा आणि हळूहळू ओढा. काट्यावर जे दिसेल ते तुमचं खरं वजन. काटा बहुतेक ५० पर्यंतच असतो, जास्त लावू नका.

दुसरं, केबलवरचं प्लॅस्टिकचं आवरण आणि पुलीतलं बेअरिंग बघा. फ्रेम मोडत नाही, हेच मोडतं. 'सुटी केबल मिळेल का आणि किती दिवसांत' हे लेखी घ्या. 'मिळेल साहेब' म्हणाला तर तिथून निघा.

बोरूबहाद्दर
मी तर म्हणतो बनवूनच घ्या. साकीनाक्याला ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून रॅक बनवला. चौकोनी पाइप, ११ गेज, म्हणजे जवळपास ३ मिमी जाडी. ऑनलाइन मिळणाऱ्यात १४ गेजचे असतात, २ मिमीचे. निम्म्या पैशांत हत्तीसारखा रॅक झाला.

पुलीवाला
रॅक बनवा, हरकत नाही. केबलचं मशीन बनवू नका. गाइड रॉड (स्टॅक ज्यांवरून सरकतो ते दांडे) एका रेषेत नसले की स्टॅक अडकतो आणि मग धपकन सुटतो. पायावर आला की कळतं.

बोरूबहाद्दर
माझ्या फॅब्रिकेटरने अजून कोणाचा पाय मोडलेला नाही.

पुलीवाला
'अजून' बरोबर आहे.

स्लॅबखाली
सिव्हिलवाला बोलतोय. इमारत किती जुनी, मजला कितवा? वजनाचा विचार कोणी केलाच नाही.

तिसरी_गल्ली
मुलुंड पूर्व, चौथा मजला, १९८६ ची. आरसीसी आहे. का, कोसळेल का?

स्लॅबखाली
घाबरू नका. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा भार) धरतात. तुमचं मशीन २५० किलो, प्लेट्स १००, तुम्ही ८०, एकूण ४३०. जागा समजा २ मीटर बाय १.८. भागलं की चौरस मीटरला साधारण १२०. बसतं. पण हा सरासरीचा हिशोब. मशीनचे चार पाय टाइलवर टेकले तर भार चारच ठिकाणी येतो, म्हणून खाली जाड प्लायवूड आणि वर रबर मॅट. मशीन शक्यतो भिंतीला किंवा बीमला धरून, खोलीच्या मधोमध नको. आणि वजन आपटायचं नाही, हे स्लॅबपेक्षा खालच्यांसाठी.

तुमची इमारत तिशीच्या पुढची आहे. मुंबईत अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, पालिका कायद्याचं कलम ३५३ ब. सोसायटीकडे अहवाल असायला हवा. त्यात स्लॅब, बीमच्या दुरुस्त्या सुचवल्या असतील किंवा छताला गळती, सुटलेलं प्लास्टर, गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर मात्र वरचा हिशोब विसरा आणि इंजिनिअरला दाखवा.

चाळकरी
आमच्याकडे गिरगावात लाकडी तुळयांवरची जमीन. ट्रेडमिल आणली तर खालचे आजोबा काठीने छत ठोकायचे. आजोबांची प्रकृती मात्र ठणठणीत.

गोगलगाय
व्यायाम त्यांचा झाला म्हणायचा.

प्रथिनेश
मशीन दुय्यम आहे. प्रोटीन किती घेता ते सांगा. वरणभात खाऊन स्नायू होत नाहीत. व्हे, अंडी, पनीर, यावर मी वेगळा धागा काढलाय.

रानमोगरा
त्यांनी विचारलंय का ते? पण निघालंच आहे तर, वरणही प्रोटीनच आहे. आयसीएमआरने सर्वसाधारण प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगितलंय, वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं. बास, आता मशीन.

@तिसरी_गल्ली, खोलीचं माप अजून दिलं नाहीत. छताची उंची पण.

तिसरी_गल्ली
१० बाय ११. मोजली आत्ताच. एका भिंतीला कपाट आहे, पाठीमागे दोन फूट खोल. छत आठ फूट तीन इंच, घरमालकाने पीओपीचं फॉल्स सीलिंग केलंय. आता सांगा.

रानमोगरा
घरमालक???

तिसरी_गल्ली
हो, भाड्याने आहे. ११ महिन्यांचा करार. त्याने काय फरक पडतो? मशीन माझं आहे.

रानमोगरा
कसा पडत नाही! भिंतीला बोल्ट मारायचं मशीन बाद, काकांचा छताचा हूकही बाद. आणि घर बदललं की सगळं खोलून, पुन्हा जोडून, केबलचा ताण पुन्हा लावायचा. मूव्हर्सवाले ते करत नाहीत.

पुलीवाला
१० बाय ११ ऐकून एक सांगतो. ऑलिम्पिक बार सव्वासात फुटांच्या आसपास, त्याचं वजन २०. प्लेट चढवायला दोन्हीकडे किमान दीड फूट मोकळं लागतं. झाले की सव्वादहा. तुमची ११ फुटांची बाजू कपाट खात असेल तर राहिले ९. स्मिथचा बारही रुंदीला फार मागे नसतो, कंपनीकडून बारची टोकापासून टोकापर्यंतची लांबी मागा, मशीनच्या रुंदीवर जाऊ नका. नाहीतर रोज प्लेट तिरकी घालत बसाल आणि कपाटाचं दार उघडणार नाही.

उंचीचं पण बघा. मशीन सात फुटांचं आणि छत सव्वाआठ म्हणून पुलअप होईल असं नाही. वर गेलात की डोकं बारच्या वर जातं.

तिसरी_गल्ली
मी ५ फूट ११. म्हणजे पुलअप नाहीच?

पुलीवाला
होईल, हनुवटी बारला लावून थांबा, पीओपी मालकाचं आहे.

अनामिका_पार्ले
एकट्यानेच करणार असाल तर स्मिथची बाजू मांडते. बारला हूक असतात, मनगट फिरवलं की अडकतो. छातीवर बार घेऊन अडकलात आणि घरात कोणी नाही, तर याचं महत्त्व समजतं. साध्या बारला खाली सेफ्टी आर्म (बार अडवणारे आडवे दांडे) लावायलाच हवेत, बरेच जण लावत नाहीत. स्मिथचं वाईट म्हणजे बार एकाच रेषेत जातो, तुमचं शरीर त्या रेषेत बसलं तर ठीक. आणि बऱ्याच स्मिथमध्ये बारला उलटं वजन लावून तो हलका केलेला असतो, २० धरू नका.

कोण कोण वापरणार हे सांगितलंच नाहीत तुम्ही. रानमोगराने पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

तिसरी_गल्ली
मी आणि बायको. तिने कधी केलेलं नाही. तिच्यासाठी वेगळं मशीन असतं का?

अनामिका_पार्ले
वेगळं नसतं हो. पण नवीन माणसाला पाच-पाच किलोच्या पायऱ्या मोठ्या पडतात. लॅटरल रेझला (हात बाजूला उचलायचा व्यायाम) पाच नंतर थेट दहा म्हणजे दुप्पट झालं. इथे पुलीवालांचं २:१ कामाला येतं. स्टॅकला पाच वाढवले तर हाताला अडीचच वाढतात. सगळे त्या २:१ ला नावं ठेवतात, मला ते आवडतं.

पुलीवाला
मान्य. मी फसवणूक म्हणालो नव्हतो, माहीत असू द्या म्हणालो होतो.

खोली, भाडं, दोन माणसं बघता माझं मत तिसरंच. दोन स्टॅकचा फंक्शनल ट्रेनर, म्हणजे दोन खांबांवर सरकत्या पुली असलेलं केबलचं मशीन, आणि एक मागेपुढे होणारा बाक. प्लेट चढवायच्या नाहीत म्हणून बाजूची जागा लागत नाही, पुली खाली-वर होते म्हणून छाती, पाठ, खांदे, हात सगळं होतं. उणं पाय. दोन्ही हातांत मिळून ७० आले तरी स्क्वॉटला पुढे कमीच पडेल. एका पायाचे व्यायाम करा, पुरतं. नवीन तुमच्या बजेटात चांगला मिळणं अवघड, जुना बघा.

बोरूबहाद्दर
माणूस दोनातलं एक विचारतोय आणि हे तिसरं विकतायत.

पुलीवाला
मी काही विकत नाही. तुमचा फॅब्रिकेटर विकतो.

चाळकरी
अवांतर : ही अनेक व्यायाम एका सांगाड्यात बसवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत हॅरॉल्ड झिंकिन यांनी १९५७ साली 'युनिव्हर्सल' मशीन आणलं, आजच्या मल्टिजिमचं आजोबा तेच.

जोरबैठक
आपल्याकडे प्रेमचंद डेग्रा १९८८ ला मिस्टर युनिव्हर्स झाले. घरात मशीन घेऊन नव्हे.

गोगलगाय
जोर-बैठका काढूनही नव्हे, काका.

मीठागर
पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. मुलुंडला खाडीची दमट हवा आहे. गाइड रॉड गंजतात, मग स्टॅक खरखर करतो. मी डब्ल्यूडी-४० मारतो, झक्कास.

पुलीवाला
ते पुसायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही, उडून जातं. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून. ग्रीस अजिबात नको, धूळ धरतं.

मीठागर
माझं तर चार पावसाळे टिकलंय.

तिसरी_गल्ली
आज दोघं जाऊन आलो. मल्टिजिम शोरूममध्ये काट्याने मोजलं. सेल्समन आधी हसला, मग त्यानेच फोटो काढले. ४० ला पिन, लॅट पुलडाउनला ४१ दाखवलं, फ्लायला जेमतेम १९. स्मिथचा बार टोकापासून टोकापर्यंत विचारला तर फोन करून सांगतो म्हणाला, अजून फोन नाही. ते बाद.

एक जुना फंक्शनल ट्रेनर ठाण्यात बघितला, कासारवडवलीला. दोन्ही स्टॅक ७० चे, हाताला ३६ येतात. उंची सहा फूट दहा. एका केबलचं आवरण चिरलंय, बाकी ठीक वाटलं. माणूस ५५ मागतोय, केबल बदलून देतो म्हणाला. बायकोने अर्धा तास ओढून बघितलं, तिला हेच हवंय.

पुलीवाला
३६ म्हणजे पुली मोकळ्या फिरतायत, छान. केबल एकच नको, दोन्ही बदलून घ्या, एकाच वयाच्या आहेत. आणि घ्यायच्या आधी एकदा नुसती स्टॅकची वरची प्लेट उचलून हळूच खाली सोडून बघा, मध्ये कुठे अडतो का.

स्लॅबखाली
लिफ्ट केवढी आहे? चार माणसांची असेल तर क्षमता २७२ किलो, आणि उभे पाइप सात फुटांच्या जवळ. आत उभे राहणार नाहीत. जिन्याने न्यायचे तर हमालांशी मजल्याचे पैसे आधी ठरवा. सोसायटीला कळवून ठेवा, सेक्रेटरी गेटवर अडवतील.

तिसरी_गल्ली
चार माणसांचीच आहे. सेक्रेटरींना आत्ताच मेसेज टाकतो. ऑडिटचा अहवालही मागतो त्यांच्याकडे.

प्रथिनेश
अभिनंदन! आता प्रोटीनचं बघा. लिंक देऊ का?

मीठागर
@तिसरी_गल्ली, त्या मल्टिजिमवाल्या सेलचा कूपन कोड तुम्ही वापरणार नसाल तर मला व्यनि (खासगी निरोप) कराल का? आजच हवाय, रात्री संपतोय ना.