चर्चा : ग्राहक ऑनलाइन खरेदीकडे वळतो तो जीएसटीमुळे का?

धागालेखक :
जीएसटीमुळे गिऱ्हाईक ऑनलाइन गेले, अशी तक्रार आमच्या बाजारपेठेत सर्रास ऐकू येते. मला ती पटत नाही. १ जुलै २०१७ पासून एका वस्तूवर दुकानात आणि ऑनलाइन एकच दर लागतो. मिक्सरवर दोन्हीकडे १८ टक्के. गेल्या महिन्यात मिक्सर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने कोऱ्या चिठ्ठीवर ४,००० रुपये लिहिले आणि ‘पक्के बिल हवे असेल तर ४,७२० पडतील’ असे सांगितले. वॉरंटीसाठी बिल लागणारच होते, म्हणून मी घरी येऊन तोच मिक्सर ऑनलाइन मागवला. तिथे बिल मागावे लागत नाही, एवढाच माझ्या दृष्टीने फरक आहे.

प्रतिसाद १ :
एका दुकानदारावरून साऱ्या बाजारपेठेला दोष देणे अन्यायाचे आहे. दर एक असला तरी नियम एक नाहीत. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्या दुकानाला ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण माझ्या बहिणीला घरचा मसाला एखाद्या पोर्टलवरून परराज्यात पाठवायचा झाला, तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी घ्यावी लागते आणि मग दरमहा किंवा तिमाही विवरणपत्रे आलीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सूट मिळाली, तीही राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. ग्राहकापुढे ऑनलाइन कोणाचा माल येतो, हे अशा नियमांनीच ठरते.

प्रतिसाद २ :
दोघांनीही दराला फारच कमी लेखले आहे. आम्हाला ४३ इंची टीव्ही गणपतीत घ्यायचा होता. १५ ऑगस्ट २०२५ रोजी करकपातीची घोषणा झाली आणि तो तसाच कार्टमध्ये पडून राहिला. २२ सप्टेंबरला कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि २५,००० रुपये मूळ किमतीचा टीव्ही ३२,००० ऐवजी २९,५०० रुपयांना मिळाला. अडीच हजारांसाठी आम्ही सण टीव्हीविना काढला.

धागालेखक :
खरेदी कधी करायची हे दराने ठरते, हे मान्य. कुठून करायची, हा माझा प्रश्न होता. बहिणीची अडचण खरी आहे आणि ४० लाखांची मर्यादा परराज्यातल्या ऑनलाइन विक्रीलाही लागू व्हायला हवी. मात्र नोंदणी नसलेल्या दुकानदाराला कर मागण्याचा अधिकारच नाही आणि नोंदणी असलेल्याने ग्राहकाने न मागताही बिल द्यायचे असते. मला चिठ्ठी देणाऱ्या दुकानाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक ठळक रंगवलेला होता.